वीरगळ आणि सतीशिळा

महाराष्ट्रातील जुन्या गावांच्या शिवेवर वा पडक्या हेमाडपंती देवळांच्या आवारात जे वीरगळ उभे दिसतात, ते खालून वर वाचावयाचे असतात : तळाशी रणात पडलेला वीर, त्यावर लढाईचा प्रसंग, त्यावर त्याला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. मुंबईत बोरिवलीनजीक एकसर येथील शिळांवर तर वल्ह्यांच्या नौकांची झुंजच कोरली आहे. स्वर्गप्राप्तीची ही सनद निरक्षरासही वाचता यावी इतकी स्पष्ट आहे. ज्याच्या नावे ती दिली, त्याचे नाव मात्र बहुतेक शिळांवर नाही.

राजसत्तेला हे इनाम फुकटात पडत असे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मराठी दौलतीचे दफ्तर केवळ स्वर्गावर भिस्त ठेवून स्वस्थ बसले नाही. कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक करून देण्याचा रिवाज होता, आणि मला तो त्या अप्सरांहून अधिक बोलका वाटतो.

सतीशिळेवरचा कोपरात वाकलेला, चुडा भरलेला हात हा स्वर्गावरील त्याच श्रद्धेचा दुसरा पुरावा होय. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्याने पडले, तेव्हा सती जाण्यास सिद्ध झालेल्या अहिल्याबाईंना सासरे मल्हाररावांनी विनवून मागे फिरविले. ज्या सुनेने पुढे १७६७ पासून होळकरांचा मुलूख राखला, तिचे मोल त्या मुत्सद्दी वृद्धाने परलोकाच्या हिशेबात धरले नाही. हीच विनवणी १७९१ साली महेश्वरी अहिल्याबाईंनी आपल्या विधवा कन्येस, मुक्ताबाईस, केली आणि ती व्यर्थ गेली. इंग्रज अधिकारी व इतिहासकार जॉन माल्कमने नोंदविलेल्या मुक्ताबाईच्या उत्तरात स्वर्गाचा उल्लेखच नाही : मूल गेले, पती गेला, आईही वृद्ध, तिच्यामागे हे जिणे असह्य होईल, आणि मानाने ते संपविण्याची वेळ तेव्हा टळून गेलेली असेल, एवढेच ती सांगते. शिळेवर स्वर्ग कोरला जात असला, तरी विधवेच्या प्राणाची किंमत बहुधा इहलोकी तिच्या वाट्यास काय उरले यावरच ठरत असावी. अहिल्याबाईंनी ती चिता नर्मदाकाठी उभे राहून पाहिली. त्यानंतर चार वर्षांनी, १७९५ साली, त्या वारल्या, आणि तोवर कारभार त्यांच्याच हाती होता.