प्रायोपवेशन

प्रायोपवेशन : जीवनातील कर्तव्ये पूर्ण झाल्यावर व अंतकाळ समीप आल्यावर अन्नत्याग करून शांतपणे मृत्यूचा स्वीकार करण्याचा आचार. ‘प्राय’ म्हणजे मरणाच्या निश्चयाने केलेले अनशन व ‘उपवेशन’ म्हणजे बसणे. भागवतपुराणातील परीक्षित राजा शाप मिळाल्यानंतर गंगातीरी प्रायोपवेशनास बसतो आणि उरलेले सात दिवस शुकमुनींच्या मुखातून कथाश्रवणात घालवितो. अखेरच्या काळाचा विनियोग कसा करावा, हा या आचारामागील मूळ प्रश्न या कथेत स्पष्ट होतो.

भारतीय परंपरेत या आचाराविषयी एकमत नाही. धर्मशास्त्रकारांनी असाध्य व्याधीने ग्रस्त वृद्धांना देहत्यागाची काही प्रमाणात मुभा दिली होती. परंतु पुढे महाप्रस्थान, वृद्धांचा अग्निप्रवेश व कड्यावरून उडी घेणे यांची गणना कलिवर्ज्यांत झाली. बौद्ध विनयात मनुष्यवधाबरोबरच मरणाची स्तुती करून दुसऱ्यास त्यासाठी प्रवृत्त करणे हाही भिक्षूला संघातून च्युत करणारा दोष मानला आहे. जैन दर्शनातील सल्लेखनेचा विचार सर्वांत सूक्ष्म आहे. तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितले असून त्यांत जगण्याच्या इच्छेइतकीच मरणाची इच्छाही दोषास्पद ठरविली आहे. दुःखाला कंटाळून मृत्यू ओढवून घेणे आणि येणाऱ्या मृत्यूला विरोध न करणे यांतील भेद येथे आढळतो. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये मराठवाड्यातील कुंथलगिरी येथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला.

आधुनिक महाराष्ट्रात या विचाराची दोन महत्त्वाची उदाहरणे वर्धा परिसरात घडली. वर्धा शहर व त्यास लागून असलेले पिपरी मेघे यांपासून थोड्याच अंतरावर सेवाग्राम आणि धाम नदीकाठचे पवनार ही दोन आश्रमस्थाने आहेत. बौद्ध धर्माचे व पालीचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी प्रकृती खालावल्यावर, आपले कार्य संपले असून इतरांवर भार होऊन जगू नये, या भावनेने १९४६ मध्ये उत्तर भारतात अनशन आरंभिले होते. महात्मा गांधींच्या आग्रहामुळे त्यांनी ते थांबविले. पुढे सेवाग्राम येथे त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला व ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधींनी त्यांना आदरांजली वाहिली. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माविषयीचा त्यांचा निधनोत्तर प्रसिद्ध झालेला ग्रंथ पाहता, बुद्धाच्या या उपासकाने अखेरीस जैन परंपरेशी जोडलेले नाते लक्षात येते.

दुसरे उदाहरण विनोबा भावे (१८९५–१९८२) यांचे होय. १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना आठव्या अध्यायाच्या विवेचनात त्यांनी ‘प्रयाण-साधना’ हा विषय मांडला. अंतकाळची मनःस्थिती ही एका क्षणाची नव्हे, तर आयुष्यभराच्या संस्कारांची निष्पत्ती असते, असा त्याचा आशय आहे. पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ च्या प्रारंभी, पवनार येथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ८ नोव्हेंबरपासून त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे सोडले. डॉक्टर, अनुयायी व राजकीय नेते यांच्या विनंतीनंतरही तो निर्णय बदलला नाही. १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी १९६६ मध्ये वि. दा. सावरकर यांनीही मुंबईत अन्न व औषधे वर्ज्य करून देह ठेवला होता.

शोकाच्या दृष्टीनेही या आचाराचे वेगळेपण जाणवते. मराठी समाजात सुतक, दशक्रिया व तेरावा यांद्वारे मृत्यूनंतरच्या शोकाला काळाची मर्यादा व सामूहिक रूप मिळते. प्रायोपवेशनात निरोप मृत्यूपूर्वीच सुरू होतो. ज्याला वाचविण्याची इच्छा आहे त्याच्याजवळ काहीही न करता बसून राहणे, हे निकटवर्तीयांना कठीण जाते. त्यामुळे हा निर्णय एकट्या व्यक्तीचा असला, तरी त्याचा भार भोवतालच्या सर्वांवर पडतो.

कोसंबी व विनोबा यांच्या निधनसमयी आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. परंतु १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यास आत्महत्येच्या कक्षेत आणले. त्या निर्णयास सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असे गृहीत धरून तिला उपचार व साहाय्य देणे, हे शासनाचे कर्तव्य ठरले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क जीविताच्या हक्कात समाविष्ट मानून असाध्य अवस्थेतील कृत्रिम उपचार थांबविण्यास व त्याविषयी आगाऊ इच्छापत्र करण्यास मान्यता दिली. २०२३ मध्ये ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ सारखी सर्वसाधारण तरतूद नाही.

अशा रीतीने, जीवन संपविणे आणि मरण न लांबविणे यांतील जो भेद प्राचीन विचारवंतांनी मनाच्या अवस्थेवरून केला, तो आधुनिक कायद्याने वैद्यकीय अवस्थेवरून मान्य केला. तथापि मरणाची इच्छा आणि मरणाचा स्वीकार यांतील अंतर बाहेरून निश्चितपणे ओळखता येत नाही. म्हणूनच वर्धा परिसरातील ही दोन उदाहरणे आदरास पात्र असली, तरी सर्वांनी अनुसरावयाचा आदर्श म्हणून ती मांडता येत नाहीत.