किल्ल्यावरचे टोपीकर

इतिहासाची साधने म्हटली की सनदा, बखरी, ताम्रपट, नाणी आणि दफ्तरांतील रुमाल आपल्या डोळ्यांपुढे येतात. मुलांची खेळणी या यादीत कोणी घालीत नाही. तथापि आपल्यापैकी बहुतेकांची इतिहासाशी पहिली गाठ वीतभर उंचीच्या मातीच्या मावळ्याने घालून दिलेली असते. गडाला बुरूज कशासाठी, चोरवाट कोठे असावी, तोफेचे तोंड कोणत्या दिशेला करावे, हे मराठी मुलाला दिवाळीच्या किल्ल्याने अक्षरओळखीच्याही आधी शिकविलेले असते. म्हणून खेळण्यांतील सैनिकांचा थोडा विचार केला तर तो अगदीच पोरखेळ ठरू नये. त्यातही बदलीच्या नोकरीमुळे दिल्लीत येऊन राहिलेल्या कुटुंबांतील मुलांनी किल्ल्यावर जे सैन्य उभे केले, त्याची कथा थोडी निराळी आहे.

महाराष्ट्रातील किल्ल्याचे वर्णन वाचकांना नव्याने सांगायला नको. सहामाही परीक्षा संपली की दगडविटांचा ढीग रचायचा, चिखलात बुडविलेले गोणपाट त्यावर पसरायचे, वर चाळलेली माती लिंपायची आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळीची वाट पाहायची. कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, भालदार, गवळणी, तोफा आणि वाघ आपापल्या जागी बसले की माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराजांची स्थापना होई. हे मावळे साच्यातून निघत खरे, पण रंग हाताने दिलेला असे. त्यामुळे एकाची मिशी गालापर्यंत गेलेली, तर दुसऱ्याचा एक डोळा मोठा. दोन मावळे तंतोतंत सारखे कधीच नसत.

दिल्लीत ही सामग्री दुर्मिळ होती. १९९० नंतरच्या दशकात सरोजिनीनगर, नेताजीनगर, लक्ष्मीबाईनगर अशा सरकारी वसाहतींत वाढलेली आम्ही मुले तळमजल्याच्या अंगणात किल्ला बांधीत असू. माती यमुनाकाठची, भुसभुशीत. दगडाच्या जागी क्वार्टरांच्या दुरुस्तीतून उरलेले विटांचे तुकडे. मावळे झेलम एक्स्प्रेसने कोणा पाहुण्याच्या ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळून येत आणि त्यांतील निम्म्यांचे भाले वाटेतच मोडलेले असत. मग गडाच्या रक्षणाला आठवडी बाजारात पिशवीने विकले जाणारे प्लॅस्टिकचे शिपाई भरती होत. हिरव्या रंगाचे, डोक्यावर लोखंडी टोप, पायांखाली पातळ तबकडी, आणि साच्याच्या सांध्यावर राहून गेलेली प्लॅस्टिकची कड. एक पालथा पडून नेम धरणारा, एक गुडघा टेकलेला, एक हातबाँब फेकणारा आणि एक जमिनीतील सुरुंग शोधणारा. या शेवटच्याला आम्ही गडाचा झाडूवाला नेमले होते. शेजारची बंगाली, तमिळ, पंजाबी, गढवाली मुलेही आपापल्या पिशव्या आणून किल्ल्यावर ओतीत. असे हे बहुभाषी सैन्य एकदा पुण्याहून आलेल्या एका आजोबांनी पाहिले आणि विचारले, “महाराजांच्या गडावर हे टोपीकर कोण रे आणून ठेवले?”

त्या प्रश्नाचे उत्तर आज सविस्तर देता येण्यासारखे आहे. प्रथम या टोपीकराचे कुलवृत्तांत पाहू. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी कथलाचे चपटे सैनिक ओतले जाऊ लागले. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ असे शिशाचे सैनिक काढले. धातू कमी लागल्याने ते स्वस्त झाले आणि मध्यमवर्गाच्या घरांत शिरले. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्लॅस्टिकचे सैनिक निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाच्या पायदळाचाच वेष त्यांच्या अंगावर कायमचा चढला. पुढे हाँगकाँग आणि मग चीन येथील साच्यांतून ते इतके स्वस्त झाले की दिल्लीच्या कारकुनाच्या मुलालाही एक पलटण बाळगता येऊ लागली.

या खेळाचे वळण सर्वत्र निरुपद्रवी होते असे मात्र नाही. विन्स्टन चर्चिल यांनी आत्मचरित्रात आपल्या बालपणीच्या सुमारे १५०० सैनिकांची हकिगत दिली आहे. शत्रुपक्ष धाकट्या भावाकडे असे. परंतु नियम असा होता की भावाला फक्त काळ्या वर्णाच्या फौजा मिळतील आणि त्या फौजांना तोफा बाळगता येणार नाहीत. जगातील लढाया कोणी जिंकाव्यात हे या खेळघरात अगोदरच ठरून गेलेले होते. हिंदुस्थानात जेव्हा अशा फौजांपाशी तोफा होत्या, आणि उत्तम होत्या, तेव्हा काय घडले हे पाहायला आम्हां दिल्लीकरांना फार दूर जावे लागत नाही.

दिल्लीशी मराठ्यांचा संबंध घोडेस्वारांनी सुरू झाला. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीरावांचे स्वार येथे येऊन थडकले. त्यांचा तळ पडला त्या तालकटोऱ्याच्या परिसरात २०२५ च्या फेब्रुवारीत मराठी साहित्य संमेलन भरले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. त्या रणांगणातून पायाला कायमची दुखापत घेऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनी दहा वर्षांनी पुन्हा येथे पाय रोवला आणि १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाह आलमला राजधानीत आणून बसविले. गंगायमुनेच्या सपाट प्रदेशात सह्याद्रीच्या युद्धकलेचा उपयोग मर्यादित होता. येथे लपायला डोंगर नाही आणि माघारीला गड नाही. येथे तोफखाना आणि एका हुकुमावर हलणारे पायदळ हवे, हे महादजींनी ओळखले. १७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉय प्रांतातील डी बॉईन या सेनानीला चाकरीस ठेवले, आणि शिंद्यांचे प्रसिद्ध कवायती कंपू उभे राहिले.

या कंपूंचा शिपाई कसा होता? त्याचा गणवेश आणि कवायत युरोपीय धर्तीची, हुकूम देणारा अंमलदार फ्रेंच, इंग्रज किंवा मिश्र रक्ताचा. शिपाई स्वतः बहुतांशी अवध, रोहिलखंड व दुआब येथला रजपूत, ब्राह्मण किंवा मुसलमान. मराठी बोलणारे त्यांत थोडेच. म्हणजे आमच्या किल्ल्यावर ते एकाच साच्यातून निघालेले, परदेशी वेषाचे आणि निरनिराळ्या घरांतून जमलेले जे सैन्य उभे होते, ते रायगडावर विजोड दिसले असेल. परंतु दिल्लीच्या मातीवर ते इतिहासाला पुष्कळच धरून होते. दिल्लीचा तो आजोबांना खटकलेला टोपीकर वस्तुतः शिंद्यांचाच शिपाई होता.

त्याला निष्ठावान ठेवणारी गोष्ट कोणती, हे आम्हां सरकारी चाकरांना चटकन उमगेल. त्या काळी फौजांचा पगार महिनोन्‌महिने तुंबे आणि शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरीत. डी बॉईनच्या खर्चासाठी महादजींनी दुआबातील सुपीक महाल लावून दिले, आणि कंपूंचा पगार वेळेवर होऊ लागला. जखमींना भरपाई, अपंगांना निवृत्तिवेतन अशीही व्यवस्था होती. हजेरीपट आणि वेतनपट नीट चालले की सैन्य टिकते, हे साधे सत्य वीररसाच्या कथांत सहसा सापडत नाही.

१७९४ मध्ये महादजी वारले. पुढे डी बॉईन मायदेशी निघून गेला व पेराँ नावाचा फ्रेंच अंमलदार त्याच्या जागी आला. १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांशी इंग्रजांचे युद्ध जुंपले. शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या इंग्रज अंमलदारांना गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी जाहीरनाम्याने निर्वाहाची हमी दिली आणि वरची मंडळी भराभर गळू लागली. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला, तेव्हा हल्लेखोरांना वाट दाखविणारा इसम नुकताच शिंद्यांच्या नोकरीतून बाहेर पडलेला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत पेराँने इंग्रजांकडे सुरक्षित वाट मागितली व तो निघून गेला.

११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वतीरी, पटपडगंजजवळ, उरलेले कंपू जनरल लेकच्या फौजेसमोर उभे राहिले. त्यांचा सेनापती लुई बुर्कँ. उंच गवताआड तोफांची रांग इतकी चांगली मांडलेली होती की समोरून हल्ला करणे अवघड होते. लेकने आपले स्वार मागे घेऊन पळाचा देखावा केला. कंपूंनी जागा सोडून पाठलाग केला, स्वार बाजूला सरले आणि मागे दडलेले इंग्रजी पायदळ संगिनी रोखून पुढे आले. कित्येक शिपाई मागच्या यमुनेत बुडाले. ६८ तोफा शत्रूच्या हाती गेल्या. काही दिवसांतच लेक दिल्लीत शिरला आणि वृद्ध, अंध शाह आलम इंग्रजांच्या छत्राखाली गेला. बुर्कँही लवकरच इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

त्या जागेवर आज पूर्व दिल्लीच्या व नोएडाच्या वस्त्या आहेत. आपल्यातील कित्येक मराठी कुटुंबे तेथे राहतात. नोएडाच्या गोल्फ मैदानात १९१६ साली इंग्रजांनी उभारलेला स्तंभ या लढाईची आठवण देतो. ती आठवण अर्थातच विजेत्यांची आहे. इंग्रजांनी आपल्या मृतांची व जखमींची मोजदाद पलटणवार केली. ती पाचशेच्या आत भरते. शिंद्यांच्या बाजूचा आकडा मात्र त्यांनीच अंदाजाने सुमारे तीन हजार असा दिला. ज्यांचे वेतनपट इतक्या काटेकोरपणे लिहिले जात, त्यांच्या मरणाची नोंद अशी गोळाबेरजेने झाली.

एवढ्यावर हकिगत संपती तर ती केवळ पराभवाची झाली असती. दिल्लीतून निसटलेले शिपाई दक्षिणेतून आलेल्या कंपूंना मिळाले आणि १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवरनजीक लासवाडी येथे पुन्हा उभे राहिले. हुकूम देणारे गोरे अंमलदार तेव्हा जवळजवळ कोणीच राहिले नव्हते. तरीही गोलंदाज तोफांपासून हलले नाहीत. संगिनींनी भोसकले जाईपर्यंत ते तेथेच होते. अशा निकराच्या लढाईचा आपल्याला कधी अनुभव नव्हता आणि त्यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती, अशी कबुली लेकने आपल्या पत्रात दिली आहे. पेराँच्या हाताखालील जेम्स स्किनर लेककडे गेला आणि पुढे काश्मीरी दरवाज्याजवळ त्याने बांधलेले चर्च दिल्लीचे भूषण झाले. जे गेले नाहीत, त्यांच्या नावाचा दगडसुद्धा नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसास्थळांत स्थान दिले. त्यांतील ११ महाराष्ट्रात, आणि जिंजी तामिळनाडूत आहे. ही गोष्ट सर्वांनाच अभिमानाची आहे. किल्ला दिसतो, म्हणून त्याचा वारसा होतो. सपाट मैदान पाहून मात्र कोणाला काही आठवत नाही. मराठी राज्याच्या उत्तरेकडील अर्ध्या शतकाचा इतिहास अशाच मैदानांवर घडला, आणि तो घडविणारे हात पुष्कळदा आपली भाषा न बोलणारे होते. मराठी राज्य म्हणजे केवळ मराठी माणसांचे राज्य नव्हे. त्याचे अन्न खाऊन, पगार घेऊन, त्याच्या निशाणाखाली पडलेल्या सर्वांचे ते राज्य होते. आपण स्वतः घरापासून हजार मैलांवर, भिन्न भाषांच्या सहकाऱ्यांबरोबर एकाच सरकारची चाकरी करतो. हे समजणे आपल्याला तरी कठीण जाऊ नये.

आता ती जुनी क्वार्टरे पाडली जाऊन बहुमजली इमारती उठल्या आहेत, आणि मुलांचे किल्ले अंगणातून सज्ज्यात आले आहेत. मावळे अजूनही मिळतात, प्लॅस्टिकचे शिपाईही मिळतात. दोघांना एकाच किल्ल्यावर जागा द्यावी, अशी आमची सूचना आहे. गडाच्या खाली थोडी सपाट जागा सोडावी, बाजूने निळ्या कागदाची यमुना काढावी आणि तेथे ती हिरवी पलटण तोफांसह उभी करावी. वरच्या मावळ्याची कथा मुलांना घरोघरी सांगितली जाते. खालच्याची सांगायची झाल्यास एका रविवारी मुलांना नोएडाच्या त्या स्तंभाकडे न्यावे, आणि तो कोणी बांधला हे सांगून झाल्यावर, त्याच्यावर ज्यांचा उल्लेख नाही ते शिपाई कोठून आले होते, त्यांना पगार कोण देत असे आणि अंमलदार निघून गेल्यावरही ते का थांबले, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी आपल्या बुद्धीने द्यावे.