हवानाच्या गच्चीवरचा पानओवा

१९९३ साली क्युबामध्ये हजारो माणसांची दृष्टी अंधुक होऊ लागली. रंग ओळखता येईनात, अक्षरे दिसेनात. कित्येकांच्या पायांना मुंग्या येऊन चालणे कठीण झाले. १९९१च्या अखेरीस पिनार देल रिओ या तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रांतात हा विकार प्रथम आढळला आणि दोन वर्षांत बाधितांची संख्या ५० हजारांवर गेली. विषाणूचा संशय घेऊन झाला. अखेरीस बोट वळले ते रिकाम्या ताटाकडे. ब गटातील जीवनसत्त्वांची तीव्र उणीव आणि तिच्या जोडीला तंबाखू व मद्य, असे निदान निघाले. सरकारने साऱ्या देशाला जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्या, तेव्हा साथ ओसरली.

हवाना शहरातील गच्च्यांवर, अंगणांत आणि पडीक जागांवर भाजीपाला पिकू लागला, तो या काळात. आज गच्चीवरील बाग म्हटले की हौस आठवते. या शहरात मात्र तिचा आरंभ हौसेतून झाला नाही.

क्युबाची सारी अर्थव्यवस्था एका सौद्यावर उभी होती: सोव्हिएत संघाने चढ्या भावाने साखर घ्यावी आणि स्वस्तात तेल, खते, यंत्रे, धान्य द्यावे. डिसेंबर १९९१मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेने आपली व्यापारबंदी अधिक कडक केली. फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने या दिवसांना ‘शांतताकाळातील विशेष कालखंड’ असे भारदस्त नाव दिले होते. नाव भारदस्त असले, तरी माणसी रोजचा आहार साधारण २९०० कॅलरींवरून १९००च्या आसपास घसरला होता.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. संकट केवळ पिकवण्याचे नव्हते, पोहोचवण्याचेही होते. डिझेल नाही म्हणून ट्रॅक्टर उभे, ट्रकही उभे. वीज तासन् तास जाई, त्यामुळे शीतगृहे निरुपयोगी. तांदूळ आठवडाभर वाट पाहू शकतो. पालेभाजी पाहत नाही. ती खाणाऱ्याच्या दाराशीच उगवली पाहिजे, हे शहाणपण पेट्रोलच्या टंचाईने शिकवले.

मोइसेस सिओ वोंग हे क्रांतियुद्धात लढलेले सेनानी. त्यांचे आईवडील चीनमधून आलेले. क्युबात १८४७पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून चिनी माणसे आणली गेली आणि करार संपल्यावर त्यांतील अनेकांनी शहराच्या कडेला भाजीचे मळे धरले. मांस, भात, घेवडा आणि कंदमुळे यांवर पोसलेल्या क्युबन जेवणात पालेभाजी ही बरीचशी या परक्यांची चीज होती. १९९१मध्ये हवानाच्या मिरामार भागात, परदेशी वकिलातींच्या शेजारी, सिओ वोंग यांनी भाजीचे वाफे उभे केले, हा योगायोग इतिहासाला शोभणारा आहे.

या वाफ्यांना ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात. मातीविना, रासायनिक द्रावणावर भाजी वाढवण्यासाठी केलेल्या हौद्या देशात होत्या. आयात रसायने संपल्यावर त्या ओस पडल्या. मग त्याच हौद्यांत माती आणि कंपोस्ट भरले. गांडूळखत आले, साखर कारखान्यांतील प्रेसमड आले. शहराच्या हद्दीत रासायनिक कीटकनाशकांना बंदी होती, म्हणून कीड आवरण्यासाठी कडुनिंबाची लागवड झाली. प्रेसमड आणि कडुनिंब! कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला हवानाच्या त्या वाफ्यापाशी परके वाटण्याचे कारण नव्हते.

गच्चीची गोष्ट याहून अवघड. जुन्या हवानातील इमारती खाऱ्या वाऱ्याने खिळखिळ्या झालेल्या. त्या कोसळल्याच्या बातम्या तेथे नव्या नाहीत. अशा छपरावर ओल्या मातीचा भार टाकणे म्हणजे डोक्यावर धोंडा टांगून घेणे. त्यात नळाला पाणी येण्याचा भरवसा नाही. सेर्रो या दाटीच्या वस्तीत ऑस्ट्रेलियाहून आलेल्या पर्माकल्चरच्या कार्यकर्त्यांनी स्थानिकांच्या साथीने छपरांवर बागा केल्या. जुने टायर, डबे, फुटके टब अशा ज्यात माती धरेल त्या सगळ्यांत रोपे लागली. वर कोंबड्या व ससे, आणि काही घरांत तर न्हाणीघरात डुक्कर.

या छपरांवर वनस्पतींना मोठा मान होता, कारण औषधांच्या दुकानांतही खडखडाट होता. सरकारनेच ‘हिरव्या औषधां’चा पुरस्कार केला. कोरफड भाजण्या-कापण्यावर, पुदिना पोटदुखीवर. आणि जाड, लवदार, चुरगाळताच दरवळणाऱ्या पानांचे एक झुडूप खोकल्याच्या काढ्यासाठी. तेच काळ्या घेवड्याच्या उसळीतही पडे. इंग्रजीत आज त्याला ‘क्युबन ओरेगॅनो’ म्हणतात. मराठी घरांच्या खिडकीतल्या कुंडीत तेच झुडूप पानओवा म्हणून नांदते. त्याची भजी होतात आणि मुलांच्या खोकल्यालाही तेच कामी येते.

या पर्वाची एक गोड दंतकथा समाजमाध्यमांवर फिरत असते: तेल संपले, लोकांनी बागा केल्या आणि देश स्वयंपूर्ण झाला. ती खरी नाही. गच्चीवर तांदूळ पिकत नाही, तेल गळत नाही, दूध निघत नाही. ऑगस्ट १९९४मध्ये हवानाच्या समुद्रकिनारी लोक रस्त्यावर उतरले आणि त्या उन्हाळ्यात ३० हजारांहून अधिक माणसे तराफ्यांवर बसून समुद्रात लोटली गेली. बागा तेव्हाही होत्याच. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून सरकारला शेतमालाचे खुले बाजार सुरू करू द्यावे लागले. आजही क्युबा आपल्या अन्नाचा मोठा हिस्सा बाहेरून आणतो.

मग बागांनी दिले काय? पोट भरले नाही, पण त्या निव्वळ भात-घेवड्याच्या ताटात हिरवे पान आले. ज्या देशात नुकतीच माणसांची दृष्टी जाऊ लागली होती, तेथे या हिरव्या पानाचे मोल कॅलरींत मोजणे अन्यायाचे ठरेल. शिवाय शिधापत्रिका हाती धरून तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने खुडता येईल अशी एक वस्तू मिळाली. ‘ही आमच्या छपरावरची’ असे म्हणून शेजाऱ्याला मूठभर पाने देता येणे, हे टंचाईच्या दिवसांत लहान सुख नव्हते.

हवानाच्या पूर्वेस आलामार नावाची वसाहत आहे. सोव्हिएत धाटणीच्या करड्या, एकसारख्या इमारतींची. १९९७मध्ये मोजक्या माणसांनी तेथे एका छोट्या तुकड्यावर रोपवाटिका सुरू केली. ती वाढत वाढत सुमारे १० हेक्टरांची सहकारी बाग झाली. ज्या महासत्तेच्या नमुन्यावर त्या इमारती बांधल्या, ती नकाशावरून पुसली गेली; इमारतींच्या खिडक्यांतून मात्र सॅलडच्या पानांच्या रांगा दिसू लागल्या.