बिडीचं बंडल आणि भन्त्स्यति

१८ जानेवारी १९८२, सोमवार सकाळ. तुम्ही लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर आहात. इथली माणसं अजून डिलाइल रोडच म्हणतात. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेलेत. पानाच्या गादीवर साचा खात्यातला एक जण बिडीचं बंडल मागतो. 'गिरणी बंद म्हणजे बंद,' शेजारचा दरडावतो. फाटकाआड अर्धवट बांधलेली गासडी पडलीय. भिंतीवर खडूने लिहिलंय, 'कामगार बंधूंनो'.

कान टवकारा. बंडल, बंद, बांधणे, बंधू हे चारही एकाच मुळाचे. बंडल इंग्रजीतून आलं, बंद फारसीतून, बंधू सरळ संस्कृतातून. घरातच वाढलेलं म्हणाल तर एकटं बांधणे, प्राकृताच्या तोंडी झिजत आलेलं.

त्याच्याच मागे चला. सातवाहनांच्या पैठणात ते 'बंधइ' आहे, आपला लांब 'बां' अजून व्हायचाय. पाणिनीकडे पोहोचलात की वर्तमानकाळ 'बध्नाति', पण भविष्यकाळ 'भन्त्स्यति'! हा भ कुठून उगवला? पाणिनीने त्यासाठी चोख सूत्र दिलं. इतिहास उलगडला १८६३मध्ये हर्मान ग्रासमानने. हा माणूस पेशाने शाळेत गणित शिकवणारा, हे मला फार आवडतं. त्याचं म्हणणं असं: लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले, की पहिला आपला ह-कार सोडतो. मुळात भ आणि ध दोन्ही होते, म्हणून भ चा ब झाला. भन्त्स्यतिमध्ये ध चाच ह-कार जातो, म्हणून भ शाबूत राहतो.

इंग्रजी 'बाइंड', जर्मन 'बिंडेन' यांचा ब मात्र निराळ्या कारणाने आला. जर्मानिक भाषांत जुना भ सरसकट ब झाला; भ्राता तिकडे 'ब्रदर' होतो तो त्यामुळेच. याकोब ग्रिमने १८२२मध्ये हा नियम मांडला. म्हणजे बांधणे आणि बाइंड सख्खे खरे, पण त्यांचे ब जुळले ते योगायोगाने.

आणखी मागे, पाचेक हजार वर्षांपूर्वी, काळ्या समुद्राच्या उत्तरेचा गवताळ माळ; बहुतेक अभ्यासक या सगळ्या भाषांची मूळ भाषा तिथेच नेतात. तिथे कुणी जनावर बांधताना 'भेंध्'सारखं काही म्हणत असावं. लेखी पुरावा नाही, म्हणून अभ्यासक या रूपाआधी तारांकन ठेवतात. ग्रीकांची वाटही इथूनच फुटते. त्यांनी या मुळातून काय घडवावं, तर 'पेंथेरोस'. म्हणजे सासरा!