खाट मावणारी जीप

इटियाडोहचं धरण बांधून झालं 1970 साली. गाढवी नदी अडवली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाप मातीकामावर टोपल्या वाहायचा, माय गिट्टी फोडायची. धरणात पाणी साचलेलं मी नंतर पाहिलं, त्याआधी पाहिली ती साहेबाची जीप. ती आली की आम्ही पोरं धुरळ्यामागे धावायचो. गावात खासर होतं, रेंगी होती, अर्जुनीला छोट्या रुळांची आगगाडी होती. पण रस्ता नसताना चालणारी गाडी आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. धुरा ओलांडून ती बांधीत उतरली की म्हातारे म्हणायचे, "बैलाबिगर कशी जाते गा हे?"

ही गाडी खरं तर लढाईसाठी जन्मलेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेला हलकी, कुठंही घुसणारी गाडी हवी होती. 1940-41 मध्ये ती घडली, आणि युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. तिच्यात शोभेचं काही नव्हतं. दारं नव्हती, कारण शिपायाला पटकन उडी मारता आली पाहिजे. पुढची काच आडवी पडायची, म्हणजे गाडी बुटकी होऊन कमी जागेत मावायची. चाकांवरचा पत्रा सपाट, बनवायला सोपा. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीनं विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीपा जुळवायला सुरुवात केली. युद्ध संपलं होतं, पण आपल्याकडे रस्ते कुठं होते? पाटबंधारेवाले, जंगलखातं, मलेरियावाले, निवडणुकीचे प्रचारवाले, सगळे जीपमधूनच आले. आमच्यासारख्या खेड्यानं सरकार पाहिलं ते जीपमध्ये बसलेलं.

पुढं सरकारी जीपा जुन्या झाल्या, लिलावात निघाल्या, आणि मग त्या आमच्या झाल्या. लांब बांध्याच्या जीपा काळी-पिवळी होऊन धावू लागल्या. मागं दोन्ही बाजूंना बाकडी, वर ताडपत्री. कोंबड्या, तांदळाचे कट्टे, मंडईला निघालेली माणसं, नाटकवाल्यांच्या पेट्या, काहीही मावायचं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. रोवण्याचे दिवस होते. संध्याकाळी बांधीत मायला साप चावला. बाहेर पावसानं थैमान घातलेलं. शेजारच्या जीपवाल्यानं विचारलं नाही की पैसे कोण देईल. आम्ही मायला खाटेसकट उचललं, खाट बाकड्यांवर आडवी ठेवून दोरानं बांधली. खाटेचे दोन पाय मागून बाहेर आलेले. नाल्याला पूर होता. ड्रायव्हरनं गिअरजवळची छोटी दांडी ओढली, चारही चाकं लागली, आणि गाडी पाण्यात शिरली. पाणी पायांपर्यंत आलं. मी खाट धरून बसलो होतो. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. माय वाचली.

म्हणून जुन्या जीपेची आरती ओवाळायची नाही. दहाच्या जागी अठरा माणसं बसायची, चार मागं लोंबकळायची. पट्टा नाही, दार नाही. वळणावर माणूस फेकला जायचा, गाडी उलटायची. त्या गाड्यांनी जीव वाचवले तसे घेतलेही.

आता तोच चेहरा पुन्हा आला आहे. गोल दिवे, उभ्या पट्ट्यांची जाळी, रुंद चाकं. महिंद्राची थार 2010 साली आली, 2020 मध्ये पार नव्या रूपात. माझ्या पुतण्यानं मागच्या वर्षी अशीच जुन्या धाटणीची नवी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. जाहिरात नको नि बदनामीही नको. मी शेजारी बसलो आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगली. उंचावरून बांध्या दिसत होत्या, आत थंडगार हवा, अपघातात फुगणाऱ्या पिशव्या, पट्टे. ज्या गाडीमागं आपण अनवाणी धावलो, तिच्यात आपला पोरगा मालक म्हणून बसला आहे, हे सुख लहान नाही.

पण हप्ता दर महिन्याला येतो, धानाचा चुकारा वर्षातून एकदा. धरण भरलं तर उन्हाळी धान, नाहीतर नाही. त्यासाठी पुतण्यानं एक बांधी गहाण टाकली, तीही कालव्याच्या पाण्याखालची. सुटीच्या दिवशी ही पोरं धरणाच्या उघड्या पडलेल्या काठावर गाड्या फिरवतात, व्हिडिओ काढतात. उन्हाळ्यात तिथंच टिटवी जमिनीवर अंडी घालते. आणि रानात जायची गरज तरी किती जणांना? 2023 मध्ये थार नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारीही निघाली. चेहरा राहिला, काम गेलं.

गाडी आली त्या दिवशी माय ओवाळायला बाहेर आली. आता ती ऐंशी पार आहे. पुतण्या म्हणाला, "बस आजी, धरणावर फिरवून आणतो." दारं दोनच. पुढची सीट वाकवून मागं शिरायचं. मायनं एक पाय वर टाकला, गुडघा वळेना. पुढं बसवावं तर पायरी उंच. दोनदा प्रयत्न झाला, मग ती ओट्यावर टेकली आणि हसत म्हणाली, "गाडी चांगली आहे बाबू. पण मले कोटी ठेवशीन?"

2024 मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. म्हणजे हा प्रश्न आमच्याच ओट्यावर पडला नव्हता.

रात्री मी पुतण्याला विचारलं, "ते चारही चाकं लावायचं लावून पाहिलं का रे?"

तो म्हणाला, "अजून कामच पडलं नाही, काका."

खरंच होतं. त्या नाल्यावर आता पूल आहे.