एकाकी वजीर-प्यादे

बुद्धिबळात शेजारच्या दोन्ही स्तंभांवर स्वपक्षाचे प्यादे नसलेले, वजिरापुढचे एकटे प्यादे. वजीर-गँबिट नकार, निम्झो-इंडियन इ. सुरुवातींतून ते उद्भवते (पहा : प्यादे-रचना). झीगबर्ट टाराश यांनी त्याचा पुरस्कार केला. आरोन निम्झोविच यांनी त्याच्यापुढील घर मोहऱ्याने अडवण्यावर भर दिला (पहा : नाकेबंदी).

दुसऱ्या प्याद्याचा आधार नसल्याने ते राखण्यात मोहरी अडकतात. म्हणून त्याला दोष मानतात. मात्र हा आक्षेप अपुरा आहे, कारण तेच प्यादे (पांढऱ्याचे, डी४ वर असताना) ई५ व सी५ ही घरे ताब्यात ठेवते आणि मोहऱ्यांना मोकळी वाट देते. नॉटिंगहॅम, १९३६ मध्ये बोत्विनिक यांनी विदमारविरुद्ध ई५ वरील घोड्याने एफ७ वरचे प्यादे मारून हल्ला तडीस नेला. उलट मेरानो येथील १९८१ च्या जगज्जेतेपद लढतीच्या नवव्या डावात कार्पोव्ह यांनी काळ्या मोहऱ्यांनी कोर्चनॉय यांच्या अशाच प्याद्यावर वजीर-हत्तींचा दाब आणून विजय मिळवला. दोन्ही निकाल परस्परविरोधी नाहीत : मोहरी पटावर असताना हे प्यादे बळ ठरते, मारामारी होऊन ती कमी झाली, की ते ओझे बनते (पहा : डावाचा अंत्यभाग). डावपेचांत स्थायी रचना व तात्कालिक गती यांचा तोल शिकवणारा म्हणून हा विषय मूलभूत आहे.