भिंत धुण्याआधी

वाचकहो, लंडनमधलं दहा नंबर डाउनिंग स्ट्रीटचं घर तुम्ही टीव्हीवर शंभरदा तरी पाहिलं असेल. काळा दरवाजा आणि भोवती काळ्या विटांची भिंत. त्या विटा मुळात पिवळ्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला इथे वीस वर्षं राहूनही नव्हतं. १९६०च्या सुमारास त्या घराची मोठी डागडुजी झाली. तेव्हा कळलं, की काळेपणा दोनशे वर्षांच्या कोळशाच्या धुराचा आहे. भिंत साफ केली, आणि मग लोकांना घर ओळखू यावं म्हणून ती पुन्हा काळी रंगवली!

ही हकिकत मी वाचली ती स्वतःच्या घराची भिंत बिघडवून ठेवल्यावर. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

आपल्यापैकी ब्रिटनमध्ये राहणारे बरेच जण शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या घरांत राहतात. ही घरं बांधली गेली तेव्हा प्रत्येक खोलीत कोळसा जळत होता. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं साचलं. त्यात ४,००० माणसं दगावली, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा १२,०००पर्यंत नेला. त्यानंतर १९५६चा स्वच्छ हवा कायदा आला आणि हवा हळूहळू निवळली. भिंती मात्र काळ्याच राहिल्या. धुऊन काढलेली इमारत पुन्हा लगेच काळवंडणार नाही, अशी खात्री आता प्रथमच वाटू लागली. मग शहराशहरांत साफसफाईची लाट आली.

या लाटेत एक धडा मिळाला. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल पोर्टलंडच्या चुनखडीचं आहे. धुरातल्या गंधकाने अशा दगडावर जिप्समची खपली धरते आणि काजळी त्या खपलीत अडकते. जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं. त्यामुळे जिथे पाऊस थेट लागतो तिथे दगड पांढरा राहतो, आणि आडोशाला काळा पडतो. असा दगड साध्या पाण्याने, धीराने भिजवत ठेवला तरी बराच साफ होतो.

ग्लासगो आणि एडिनबराची घरं मात्र वाळूच्या दगडाची. तिथे पाण्याने काजळी निघेना. मग १९७० आणि ८०च्या दशकांत वाळूचा मारा झाला, आम्लं वापरली गेली. इमारती झळाळल्या खऱ्या, पण कित्येक ठिकाणी दगडाचा वरचा थरच गेला आणि कोरीवकामाच्या कडा बोथट झाल्या. पुढे हिस्टॉरिक स्कॉटलंड या सरकारी संस्थेने याचा अभ्यास करवून घेतला आणि सफाईबाबत सावधगिरीच्या सूचना काढल्या. खरं तर विल्यम मॉरिसने १८७७मध्ये जुन्या वास्तू जपण्यासाठी संस्था काढली, तेव्हाच तिचं टोपणनाव पडलं होतं ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याच्या विरोधातली!

आता आपल्या हातातल्या यंत्राकडे येऊ. जर्मनीच्या आल्फ्रेड कर्खर यांनी १९५०मध्ये गरम पाण्याचं उच्च दाबाचं धुलाईयंत्र बनवलं, ते कारखान्यांसाठी. घरी ओढत नेता येईल असं यंत्र त्यांच्या कंपनीने १९८४मध्ये आणलं. म्हणजे आपल्या भिंती यंत्रापेक्षा कितीतरी वडील आहेत. घरगुती विजेच्या यंत्राचा दाब साधारण १०० ते १५० बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये असतो दोन-अडीच बार.

मी घेतलं १४० बारचं. एका रविवारी मागची भिंत धुतली. वीट अशी उजळली, की शेजारी बघायला आले. संध्याकाळी खालच्या वाफ्यात वाळू पसरलेली दिसली, तिकडे मी लक्ष दिलं नाही. हिवाळ्यात झोपायच्या खोलीत ओल आली. गवंडीकाका आले, त्यांनी विटांमधल्या दरजेत बोट घातलं, तर ते पेराएवढं आत गेलं. ती वाळू म्हणजे माझ्याच भिंतीचा चुना होता. जुन्या भिंती भरीव असतात, मध्ये पोकळी नसते; आत गेलेलं पाणी चुन्याच्या दरजांतूनच बाहेर सुकतं. त्या दरजाच मी उडवल्या होत्या. शिवाय भट्टीत विटेवर जी कडक साल धरते, ती गेली की वीट पाणी पिऊ लागते. दरजा पुन्हा चुन्याने भरून घ्यायला यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले.

म्हणून यंत्र घेताना दुकानदार जास्तीत जास्त दाब सांगेल, तुम्ही कमीत कमी किती करता येतो ते विचारा. पाणी पंख्यासारखं पसरवणारी तोटी हवी. गरगर फिरणारी टोकदार धारेची तोटी फक्त अंगणातल्या फरशीसाठी ठेवा. आधी कोपऱ्यात, दिसणार नाही अशा हातभर जागेवर करून पाहा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर तर यंत्र आणूच नका. पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर वेळ पुरतो. काम उन्हाळ्यात करा, म्हणजे भिंत सुकेल. विजेच्या जोडणीला झटक्यापासून वाचवणारा आरसीडी लावा. आणि घर संरक्षित वास्तूंच्या यादीत असेल, तर आधी कौन्सिलला विचारा.

आमच्या देवघरात पणजीच्या वेळचा पितळी बाळकृष्ण आहे. चार पिढ्यांनी चिंचेने घासून त्याला लखलखीत ठेवलं. आता त्याला नाक नाही, डोळे नाहीत. घासणाऱ्या प्रत्येकीला तो त्या दिवशी स्वच्छच दिसला असणार.

मागच्या भिंतीवर यंदा थोडं शेवाळ आलं आहे. मी बादली आणि ब्रश काढून ठेवला आहे. यंत्राने फक्त अंगण धुतो.